जिजींचा मागला बाजा

सिनेमा सुरू झाला की जिजी चष्मा काढायच्या. आजूबाजूचे लोक खिशातून चष्मे काढून नाकावर चढवत असायचे आणि या बाई नेमक्या त्याच वेळी आपला जाड काड्यांचा चष्मा पदराला पुसून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून द्यायच्या. मग हात मांडीवर, मान किंचित डावीकडे आणि डोळे मिटलेले. देवासच्या टॉकीजमध्ये रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा लागायचा, तिथे मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. दारावरच्या माणसाला त्या म्हणाल्या होत्या, "अरे भिया, पंखेके नीचे की खुर्ची दे ना, मला उकाडा सोसत नाही." तेवढ्यावरून बाई मराठी आहेत हे कळलं. साठीच्या घरातली ही बाई तिकीट काढून पंख्याखाली झोपायला आली आहे, अशी माझी समजूत झाली.

मध्यंतरात मी आगाऊपणाने म्हणालो, "काकू, तुमचा अर्धा सिनेमा गेला की."

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच झोपलो होतो. "माझा नाही गेला. तुमचा गेला. घोडे पळत होते तेव्हा खालून एक फिडल रडत होतं, ते ऐकलंत?"

मी घोडे पाहिले होते. फिडल मुळीच ऐकलं नव्हतं. साताऱ्याहून नोकरीसाठी देवासला येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी माल तपासायचो आणि रविवारचा दिवस कसा काढायचा या विवंचनेत असायचो. त्या दिवसापासून माझ्या रविवारची सोय झाली. चांगली की वाईट, ते बायकोला विचारावं लागेल.

त्यांचं नाव इंदुमती पारनेरकर. पण हे नाव फक्त बँकेत आणि रेशन दुकानात चालायचं. माळव्यातल्या जुन्या मराठी घरांत थोरल्या बहिणीला जिजी म्हणतात, आणि या आपल्या अख्ख्या धार गावाच्या थोरल्या बहीण होत्या. त्यांचे वडील संस्थानच्या बँडखात्यावर होते. दुपारी बँडखान्यात तालीम चालायची आणि ही मुलगी खिडकीखाली सागरगोटे खेळत ते सगळं कानात साठवायची. संस्थानं गेली, बँड मोडला, वाजवणारे कुणी पोलिसांत गेले, कुणी लग्नाच्या वरातींत. जिजी मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायला लागल्या. मात्र वाद्यांची नावं त्यांच्या तोंडात बँडखान्यातलीच राहिली. व्हायोलिनला फिडल, क्लॅरिनेटला कलारनेट, आणि ज्या वाद्यांची नावं बँडखान्यात कधी पोचलीच नव्हती त्यांना त्यांनी स्वतःच नावं दिली होती. चेलो म्हणजे "बसकं फिडल". ओबो म्हणजे "सर्दी झालेली सनई". आणि सिनेमातल्या एकूण पार्श्वसंगीताला त्या म्हणायच्या मागला बाजा.

"गाणं म्हणजे वरचं कापड," त्या सांगायच्या. "रंग बघा, नक्षी बघा, हात फिरवा. मागला बाजा म्हणजे अस्तर. ते कोणी बघत नाही. पण अस्तर नसलं की कापड अंगाला टोचतं. का टोचतंय ते माणसाला कळत नाही, उगाच चुळबुळ करत बसतो."

देवासला त्यांची भाची राहायची, म्हणून त्या महिन्यातून एकदा धारहून यायच्या. धारची बस इंदूरला गंगवाल स्टँडवर सोडते, देवासची सरवटे स्टँडवरून मिळते, मध्ये टेम्पो. या सगळ्या यातायातीत त्यांच्या हातातल्या पिशवीत एखादी ध्वनिमुद्रिका आणि डबाभर काहीतरी खाऊ असायचा. थंडीत तिकडच्या गराडू कंदाचे तळलेले तुकडे, भाद्रपदात मक्याचा कीस. भाचीकडे त्या जेवायच्या आणि मोघ्यांकडे ऐकायला यायच्या.

मोघे म्हणजे आमच्याच औद्योगिक वसाहतीतले एक हिशेबनीस. मूळचे पुण्याचे, गोरे, नीटस, पँटला कायम कडक इस्त्री. त्यांचा भाऊ अमेरिकेत होता आणि तो दरवेळी कपडे-चॉकलेटांऐवजी सिनेमांच्या पार्श्वसंगीताच्या तबकड्या आणायचा. मोघ्यांच्या पुढच्या खोलीत उंच स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर, पुढे सीडी प्लेअर, सगळं एका लाकडी मांडणीत बसवलेलं होतं. मुलांना हात लावायची परवानगी नव्हती. त्यांच्या पत्नीला, सुनंदावहिनींना, होती. पण त्यांनी कधी लावला नाही. आम्ही चार-पाच जण तिथे रविवारी जमायचो आणि तासन् तास वाद घालायचो. आमच्या वादाला जगात काडीचंही महत्त्व नव्हतं, म्हणूनच तो फार जोरात चालायचा.

त्या काळी जुन्या इंग्रजी सिनेमांचं संगीत युरोपातले मोठे वाद्यवृंद नव्याने वाजवून मुद्रित करत होते. जुनी मूळ मुद्रणं खरखरीत, कोंदट. नवी मुद्रणं स्वच्छ. मोघे नव्याचे भक्त. ते म्हणायचे, "जिजी, नव्यात बघा, प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं."

"वेगळं कशाला ऐकू यायला पाहिजे? ते काय स्थळ बघायला आलेत?" जिजी म्हणायच्या. "अस्तर दिसायला लागलं म्हणजे शिवण चुकली, मोघे."

"पण स्वर तेच आहेत. एकही बदललेला नाही."

"उसवून पुन्हा शिवलंय ते. माप तेच आहे, हात दुसरा आहे."

असं म्हणायच्या आणि मग तीच नवी तबकडी पुन्हा लावायला सांगायच्या. कारण मनातून त्यांना सगळंच ऐकायचं असायचं. एकदा त्यांनी मला दोन्ही मुद्रणं एकामागून एक ऐकवून विचारलं, फरक काय? मी म्हटलं, जुनं जरा घाईत आहे. त्या एकदम खूश झाल्या. म्हणाल्या, "शाबास विजू. त्यांच्यासमोर पडद्यावर माणूस दारापर्यंत पोचत होता. तो पोचायच्या आत त्यांना संपवायचं होतं. या नव्या लोकांना कुठे जायचंय? ते आरामात वाजवतायत." कारखान्यात मला असं शाबास कुणी म्हणत नसे.

एका गणेशोत्सवात देवासच्या आमच्या मराठी मंडळींनी जिजींना कार्यक्रम करायला बोलावलं. जिजी मंडळाच्या चिटणिसांना म्हणाल्या, "मी ऑर्केस्ट्रा ऐकवीन." चिटणीस हरखले. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे दिव्यांची झगमग, एक गायक, दोन गायिका आणि ड्रमवाला. त्यांनी वसाहतभर फलक लावले. हॉल खच्चून भरला. रिकाम्या स्टेजवर मोघ्यांचे दोन स्पीकर आणि मध्ये खुर्चीवर जिजी. दिवे मालवले गेले आणि बसकं फिडल सुरू झालं. लोकांनी पाच मिनिटं वाट पाहिली. मग मागून आवाज आला, "गाना कब चालू होयगा भिया?" जिजी अंधारातच म्हणाल्या, "होणार नाही." अर्धा हॉल उठून गेला. उरलेला अर्धा कशासाठी थांबला कोण जाणे, बहुधा प्रसादासाठी. पण जिजींनी तबकडी शेवटपर्यंत वाजवली आणि खाली उतरून चिटणिसांना म्हणाल्या, "चांगलं ऐकतात हो तुमचे लोक."

अशी माणसं स्वतःच्या मतांबद्दल हट्टी असतात. जिजी तर फारच होत्या. त्यांचं सगळ्यांत लाडकं मत एका जहाजाच्या सिनेमाबद्दलचं होतं. तरुणपणी त्यांनी तो धारच्या टॉकीजमध्ये एका आठवड्यात तीनदा पाहिला होता, म्हणजे ऐकला होता. चष्मा तेव्हा नव्हता, पण डोळे मिटण्याची सवय होती. सिनेमात एक म्हातारा कप्तान मरतो. जिजींचं म्हणणं असं की, तो मरतो तेव्हा मागला बाजा पूर्ण गप्प असतो. एक सूरही नाही. आणि त्याच्या आधी, कुणा साध्या खलाशाला कापडात गुंडाळून समुद्रात सोडतात तेव्हा, सगळं रडणं होऊन गेलेलं असतं. बसकी फिडलं, मग बारीक फिडलं, मग एकटं शिंग.

"संगीत करणारा केवढा शहाणा बघा," त्या सांगायच्या. "त्याला ठाऊक होतं, माणूस आधीच रडून घेतो. खरं मरण दाराशी येतं तेव्हा आत काही उरलेलं नसतं. लोक म्हणतात, रडला नाही, कठोर आहे. अरे, तो कधीचाच रडलाय. तुम्ही तेव्हा ऐकायला नव्हतात."

हे त्या इतक्या वेळा सांगत की आम्हाला पाठ झालं होतं. मला ते फार आवडायचं. खरं सांगायचं तर, त्या सिनेमाचं संगीत मी ऐकलं ते जिजींच्या शब्दांतच.

मोघ्यांकडे त्या संगीताची एक जुनी तबकडी आली, निवडक तुकड्यांची. तुकडे सिनेमाच्या क्रमाने नव्हते, ऐकायला बरे वाटतील असे लावले होते. त्यातलं ते रडणं वाजलं, आणि जिजींनी आपलं म्हणणं नेहमीप्रमाणे सांगितलं. या वेळी मोघे म्हणाले, "जिजी, ही धून कप्तानाचीच आहे. तो मेल्यानंतरची. मी पुण्यात कॉलेजला असताना पाहिलाय हा सिनेमा."

"पाहिला असेल. ऐकला नाहीत."

"अहो, त्याचंच प्रेत असतं ते."

"मोघे, मी तीनदा ऐकलाय. रडणं आधी आहे."

मोघे हसत हसत म्हणाले, "तुम्ही डोळे मिटून बसता. कोण मेलं ते तुम्हाला कसं कळणार?"

सगळे हसले. मीही हसलो असेन. जिजी उठल्या. त्यांचा चेहरा इतका पांढरा झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे यंत्रं आहेत, मोघे. कान नाहीत." पिशवी उचलली आणि बाहेर पडल्या. सुनंदावहिनी हातात पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभ्या होत्या. जिजी त्यांनाही काही न बोलता गेल्या.

एवढ्याशा गोष्टीवरून माणसं एकमेकांना सोडतात यावर माझा तेव्हा विश्वास बसला नाही. मला वाटलं, पुढच्या महिन्यात येतील. त्या आल्या नाहीत. भाचीकडे यायच्या आणि परत जायच्या. मोघ्यांनीही तोंड उघडलं नाही. आयुष्यभर पैसे साठवून माणूस एकच शौक करतो आणि त्यात त्याला कान नाहीत असं कुणी चारचौघांत सांगतं, तर त्याला लागणारच. रविवार हळूहळू बंद पडले. संक्रांतीला सुनंदावहिनी माझ्याकडे धारसाठी तिळगूळ द्यायच्या. जिजी तो डोक्याला लावून घ्यायच्या, वहिनींची खुशाली विचारायच्या आणि मोघ्यांचं नाव टाळायच्या. मी मात्र दोन्हीकडे जात राहिलो. धारला जिजींच्या माडीवर बसून जुनं ऐकायचो, देवासला मोघ्यांकडे नवं. दोन्हीकडे चहा चांगला मिळायचा, पण दोन्हीकडे वाद घालायला कुणी नव्हतं.

पुढे सुनंदावहिनींचं दुखणं निघालं, मूत्रपिंडाचं. दोन वर्षं मोघे त्यांना आठवड्यातून दोनदा इंदूरला डायलिसिससाठी नेत होते. शेवटी त्या गेल्या. स्मशानात मोघे हिशेब तपासत असल्यासारखे सरळ उभे होते. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. तेराव्यालाही नाही. वसाहतीतल्या बायका बोलल्या, बोलायच्याच. त्या दिवसांत जिजींचा पाय प्लास्टरमध्ये होता, त्यांना येता आलं नाही. पाय बरा झाल्यावरही त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, "आता कोणत्या तोंडानं जाऊ?" भेटीला उशीर झाला की जाणं दर दिवशी थोडं थोडं अवघड होत जातं. मोघ्यांनी पुढच्या खोलीतल्या मांडणीवर चादर टाकली होती. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नको रे. सध्या नको."

आणि मग ती तबकडी आली. त्या जहाजाच्या सिनेमाचं संपूर्ण संगीत, नव्याने वाजवलेलं, पहिल्या सुरापासून शेवटापर्यंत सिनेमाच्या क्रमाने. माझा मावसभाऊ जर्मनीहून येणार होता, त्याला मी मुद्दाम सांगून ठेवलं होतं. छोटा सीडी प्लेअर आणि ती तबकडी घेऊन मी पहिल्या सुट्टीला धार गाठलं. जिजी सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या, पण तबकडी हातात येताच त्यांनी ती पदराला दोनदा पुसली.

आम्ही ऐकत गेलो. वादळ झालं, बंदर झालं, बंड झालं. मग एक तुकडा अगदी हळू होत होत विझला. थोडी शांतता. आणि मग ते रडणं सुरू झालं. त्यानंतर लगेच परतीचं संगीत आणि शेवट. मरणासाठी पुढे जागाच उरली नव्हती.

जिजी म्हणाल्या, "शिवताना बाह्या उलट्या लावल्यात यांनी."

मला मात्र चैन पडेना. पुढच्या खेपेला इंदूरच्या फुटपाथवर त्या सिनेमाची व्हीसीडी मिळाली, ती घेऊन गेलो. जिजींनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा सिनेमासाठी चष्मा लावला. टीव्हीच्या पडद्यावर कप्तान मेला. मागला बाजा गप्प होता, जिजी म्हणत तसाच. त्यानंतर कापडात गुंडाळलेलं प्रेत आलं. त्यावर कप्तानाची टोपी ठेवली होती, आणि बाजूला कप्तानाचा कुत्रा बसला होता. जिजींची मान डावीकडे वळली नाही. त्या कुत्र्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे मी चुकीचं ऐकलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "ऐकलंत ते बरोबर, जिजी. मला वाटतं, रीळ आगंमागं झालं. आमच्याकडे असंच होतं. दोन पेट्यांची झाकणं बदलली की आतला माल तोच असतो, पण लोक चुकीची पेटी आधी उघडतात. रिळांच्या डब्यांची झाकणं बदलली असतील. पूर्ण आठवडा तसंच लावलं असेल त्यांनी. इंग्रजी कुणाला येत होतं? धारला काय, मारामारीशी मतलब."

त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. त्यांचे यजमान लग्नानंतर तीनच वर्षांत क्षयाने गेले. त्याआधी वर्षभर त्या त्यांच्या उशाशी होत्या. ते गेले त्या दिवशी जिजींना रडू आलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. सासू म्हणाली, दगड आहे. घरातल्या सगळ्या बायकांनी तेच म्हटलं, आणि शेवटी त्यांनाही तसंच वाटायला लागलं. त्याच वर्षी टॉकीजमध्ये हा सिनेमा आला.

"मला वाटलं, कुणीतरी माझ्या बाजूनं साक्ष दिली," जिजी म्हणाल्या. "तिकडे परदेशात बसलेल्या माणसाला कळलं, आणि इथे सासूबाईंना कळलं नाही. त्या साक्षीवर मी जगले रे विजू. आणि ती निघाली झाकणाची चूक."

त्या उठल्या, आत जाऊन तोंड धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "मोघ्यांना जाऊन सांगायला हवं."

"आता कशाला, जिजी? त्यांना आठवतही नसेल."

"न आठवायला काय झालं? मी त्यांना कान नाहीत म्हटलंय. त्यांच्या घरात, त्यांच्या बायकोसमोर. ती बिचारी बशा घेऊन उभी होती."

पुढच्या रविवारी मी त्यांना बसने देवासला घेऊन आलो. वाटभर त्या पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. पिशवीत तबकडी होती. देवासची देवीची टेकरी दिसायला लागली तसं त्यांनी विचारलं, "काय म्हणू रे सुरुवातीला?" मुलींच्या चार पिढ्यांना शिवण शिकवलेली ही बाई मला सुरुवात विचारत होती.

मोघ्यांनी दार उघडलं. ते खूपच वाळले होते. इस्त्रीची पँट अंगावर मोठी झाली होती. त्यांनी आधी जिजींना पाहिलं, मग मला, मग पुन्हा जिजींना. कुणी काही बोलायच्या आत ते वाकून त्यांच्या पाया पडले.

"जिजी, तुमचंच बरोबर होतं," मोघे म्हणाले.

जिजी उंबऱ्यातच थांबल्या.

मोघे भराभर बोलायला लागले, बऱ्याच दिवसांचं साठलेलं असावं तसं. "दोन वर्षं मी बसनं तिला नेत होतो ना, दर खेपेला येताना ती झोपायची आणि मी खिडकीकडे तोंड करून रडायचो. कुणाला दिसू नये म्हणून. ती गेली तेव्हा काहीच आलं नाही. लोक बोलले. मला तुमची आठवण झाली. म्हटलं, जिजी सांगत होत्या ते हेच. रडणं आधी होऊन जातं. संगीतकाराला ठाऊक होतं. तेवढ्या एका गोष्टीवर मी उभा आहे, जिजी. तेव्हा मी तुमच्याशी उगाच भांडलो."

मी जिजींच्या पिशवीकडे पाहिलं. मला मनापासून वाटलं, त्यांनी ती उघडू नये. चहा प्यावा, वहिनींच्या फोटोला फूल वाहावं आणि परत चलावं. कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

जिजी आत येऊन बसल्या. म्हणाल्या, "नाही मोघे. मी चुकले होते. तुम्ही म्हणत होतात तसंच आहे. ते कप्तानाचंच प्रेत. रडणं नंतर आहे. धारला रीळ उलटं लागलं होतं." आणि पुढे, "तुम्हाला कान नाहीत म्हणाले, ते फार वाईट बोलले मी. वहिनी असत्या तर त्यांची माफी मागितली असती."

मोघ्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "मग मला जे झालं, ते?" त्यांनी विचारलं. "ते खोटं होतं का?"

जिजींना या प्रश्नाचं उत्तर आधीच ठाऊक असावं असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. त्या गोंधळल्या. पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या. मग हळूहळू, एकेक टाका घालावा तशा बोलल्या, "नाही हो. खोटं कसं असेल? बसमध्ये तुम्ही रडलात, ते तुमचं आहे. माझं माझं आहे. त्याला बाजाची साक्ष नसली म्हणून ते काही गेलं नाही कुठे. मला वाटत होतं, साक्ष लागते. नाही लागत."

मोघ्यांनी मान हलवली. त्यांना ते पूर्ण पटलं की नाही, कोण जाणे. पण ते उठले, मांडणीवरची चादर काढली, घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि हात पुढे केला. जिजींनी पिशवीतून तबकडी काढून दिली.

आम्ही तिघं बसलो. जिजींनी चष्मा काढला नाही, डोळेही मिटले नाहीत. त्या समोरच्या भिंतीवरच्या सुनंदावहिनींच्या फोटोकडे बघत होत्या. ते विझत जाणारं संगीत आलं, मग ती शांतता आली, आणि मग बसकी फिडलं सुरू झाली. मोघ्यांच्या मोठ्या स्पीकरवर ती जमिनीतून येत होती. मी मोघ्यांकडे लक्ष ठेवून होतो. मला वाटत होतं, आता त्यांचा बांध फुटेल.

रडू फुटलं ते जिजींना. आधी खांदे हलले, मग तोंडातून आवाज आला, मोठा, ओबडधोबड, एखाद्या अगदी तरुण बाईचा असावा तसा. पंचेचाळीस-पन्नास वर्षं तो आत कुठे राहिला होता कुणास ठाऊक. त्यांनी पदर तोंडावर दाबला, पण तो काही दबेना. मी उठायला लागलो, तर मोघ्यांनी मला हाताने खाली बसवलं.

मग ते स्वतः उठले, मांडणीपाशी गेले आणि त्यांनी आवाज वाढवला. इतका वाढवला की खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या आणि आम्हाला जिजींचं रडणं ऐकू येईनासं झालं. आमच्याकडे पाठ करून, बटणावर हात ठेवून, मोघे तो तुकडा संपेपर्यंत तिथेच उभे राहिले.